बाइट पोचला, पण निरोप पोचला का?

(सिरियल बसवरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय फलकावर आहेच: दोन मायक्रोकंट्रोलरमधली सिरियल बसवरची देवाणघेवाण, म्हणजे दोन छोट्या संगणकवजा चिपांनी सामायिक तारेवरून एकेक बिट पाठवून बोलणं. निरोपाची चौकट कशी बांधायची, हे सांगायचं कबूल केलंय आणि ते सांगणारच. पण आधी तारेबद्दल बोलू द्या. निरोपाचे बरेचसे घोटाळे तारेवर जन्माला येतात आणि लोक ते प्रोग्रॅममध्ये शोधत बसतात.

सुरुवातीला एक प्रश्न. आयटूसी या दोन तारांच्या बसला बाहेरून पुल-अप रेझिस्टर (तार वर ओढून धरणारा) न लावता ज्यांनी दोन बोर्ड जोडलेत, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत. काही हात अर्धेच वर आलेत, ना धड शून्य ना धड एक. आज मी मुख्यतः त्या अर्ध्या हातांशी बोलणार आहे, कारण बसवरही नेमकं तेच घडतं.

तापमानाचा सेन्सर वाचणं आणि दुसरा मायक्रोकंट्रोलर वाचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. सेन्सरच्या चिपमध्ये उत्तर देण्यासाठी पक्कं हार्डवेअर असतं. त्याला दुसरा उद्योग नसतो. त्याच जागी मायक्रोकंट्रोलर स्लेव्ह म्हणून, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारा म्हणून, बसवला की चित्र पालटतं. तो मोटर फिरवत असतो, बटणं तपासत असतो, एलईडीची पट्टी पेटवत असतो आणि मधेच कुणीतरी त्याचा पत्ता पुकारतं. मास्टरला, म्हणजे विचारणाऱ्या चिपला, नवव्या क्लॉकला (घड्याळाच्या ठोक्याला) जो ॲक मिळतो, तो त्या चिपमधल्या बसच्या हार्डवेअरकडून येतो. आठ बिट आत आले, एवढीच त्याची पोचपावती. ते बिट प्रोग्रॅमने उचलले का, आधीच्या निरोपावर ते चढून तर बसले नाहीत ना, त्यांचा अर्थ बरोबर लागला का, यातलं काहीही ॲक सांगत नाही. आज मला ठासून सांगायचंय ते एवढंच: बस बाइट पोचवते, निरोप पोचवण्याची जबाबदारी आपली असते. आणि ही जबाबदारी तारेपासून सुरू होते.

कुठली बस घ्यायची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी दोन-तीन मिनिटांतच आटपतो. यूआर्ट या प्रकारात क्लॉकची तार नसते. दोन्ही बाजूंनी वेग आधी ठरवायचा आणि आपापल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा, ११५२०० ला ८.६८ मायक्रोसेकंदांचा. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, स्टॉप बिट मिळून एका बाइटला दहा बिट. घेणारा स्टार्ट बिटच्या उतारावर घड्याळ लावतो आणि शेवटचा बिट साडेनऊ बिटांनंतर तपासतो. तिथपर्यंत अर्ध्या बिटाहून जास्त चूक साचली तर बाइट गेला. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून चूक तात्त्विकदृष्ट्या पाच टक्क्यांच्या आसपास चालते, पण व्यवहारात ती दोन टक्क्यांच्या आत ठेवावी. १६ मेगाहर्ट्‌झच्या एटीमेगा ३२८पी या एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर ११५२०० बॉड कधीच अचूक मिळत नाही. साध्या पद्धतीत तो उणे ३.५ टक्क्यांनी चुकतो, दुप्पट वेगाचा बिट लावला तर अधिक २.१ टक्क्यांनी. एक बोर्ड एका पद्धतीत आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीत असेल, तर फरक साडेपाच टक्क्यांच्या पुढे जातो. मग प्रोग्रॅम दोन्हीकडे ‘बरोबर’ आणि पडद्यावर कचरा. त्याच चिपवर २५०००० बॉड मात्र शून्य चुकीने मिळतो. दोन्ही टोकांना आपलेच मायक्रोकंट्रोलर असतील तर ११५२०० चा हट्ट कशाला? क्रिस्टल न लावता अंतर्गत आरसी ऑसिलेटरवर काम चालवणाऱ्यांनी तर हा हिशोब आधीच करावा. कारखान्यातून येताना त्याची अचूकता अधिक-उणे दहा टक्के इतकीच गृहीत धरलेली असते.

एसपीआय ही बस सर्वांत वेगवान, पण मायक्रोकंट्रोलर स्लेव्ह असेल तर तितकीच निष्ठुर. मास्टरने क्लॉक दिला की त्याच क्षणी स्लेव्हच्या रजिस्टरमध्ये उत्तराचा बाइट तयार हवा. नसेल तर जुनाच बाइट बाहेर जातो. ‘थांब जरा’ म्हणायची सोयच नाही आणि ॲकही नाही. उत्तर नेहमी एक बाइट मागे असतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. एव्हीआर स्लेव्ह असेल तर क्लॉक त्याच्या स्वतःच्या क्लॉकच्या पावपटीहून कमी ठेवायचा. शिवाय स्लेव्हचा प्रोग्रॅम प्रत्येक बाइटनंतर पुढचा बाइट भरणार असेल, तर मास्टरने दोन बाइटांमध्ये जाणूनबुजून काही मायक्रोसेकंद थांबावं.

आयटूसीत मात्र स्लेव्हला एससीएल, म्हणजे क्लॉकची तार, खाली धरून ठेवता येतं. यालाच क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. मायक्रोकंट्रोलर स्लेव्ह असेल तेव्हा ही सोय लाखमोलाची ठरते. एक उदाहरण घ्या. डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एलईडीला एका दिव्यामागे २४ बिट पाठवावे लागतात, प्रत्येकी १.२५ मायक्रोसेकंद. म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. ६० दिव्यांची पट्टी एकदा रंगवायला १.८ मिलिसेकंद लागतात आणि एव्हीआरवरच्या नेहमीच्या लायब्ररी तेवढा वेळ इंटरप्ट (हातातलं काम थांबवून तातडीच्या कामाकडे वळायची सोय) बंद ठेवतात. त्याच वेळी ११५२०० बॉडने यूआर्टवर निरोप येत असेल, तर त्या काळात वीसएक बाइट येतात. एव्हीआरच्या यूआर्टमध्ये जागा असते दोन बाइटांची आणि वर एक शिफ्ट रजिस्टर, ज्यातून बिट एकेक करून सरकतात. बाकीचे गेले, तेही आवाज न करता. आयटूसीवर तोच स्लेव्ह एससीएल धरून ठेवतो, मास्टर १.८ मिलिसेकंद थांबतो आणि एकही बाइट हरवत नाही. अट एकच: मास्टरला थांबता आलं पाहिजे. रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या बोर्डांवरच्या बीसीएम२८३५ चिपमध्ये क्लॉक स्ट्रेचिंगची हार्डवेअरमधली चूक प्रसिद्ध आहे. असा मास्टर असेल तर बसचा वेग कमी करावा, नाहीतर यूआर्टकडे वळावं.

एकाच डब्यात, हातभर अंतरात, तीन-चार मायक्रोकंट्रोलर जोडायचे असतील तर माझं मत आयटूसीला. डब्याबाहेर जायचं असेल तर यूआर्टला आरएस-४८५ चे, म्हणजे लांब तारेवर चालणारे, ट्रान्सीव्हर लावावेत, दोन्ही टोकांना १२० ओहम लावावेत आणि आयटूसीचा विचार सोडून द्यावा. आरएस-४८५ वर एकच गोष्ट विसरली जाते. पाठवून झाल्यावर दिशा बदलणारी पिन कधी सोडायची? ‘बफर रिकामा झाला’ या खुणेवर सोडली तर शेवटचा बाइट अर्धाच जातो, कारण तो अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये असतो. ‘प्रसारण पूर्ण’ ही खूण वेगळी असते, तिची वाट पाहायची.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. पुल-अप.

आयटूसी फिलिप्सने १९८२ साली काढली, टीव्हीसारख्या यंत्रांच्या आत चिप जोडण्यासाठी. म्हणजे डब्यातली बस. तिच्या दोन्ही तारा ओपन-ड्रेन. कुठलीही चिप तार खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. सगळ्यांच्या हातात एकच दोरी आहे असं समजा. खाली ओढायला हात आहेत, वर न्यायला मात्र एकटी स्प्रिंग. ती स्प्रिंग म्हणजे पुल-अप रेझिस्टर. स्प्रिंग ढिली असेल तर दोरी वर जायला वेळ लागतो, फार कडक असेल तर खाली ओढणारे हात थकतात. योग्य किंमत या दोन टोकांच्या मध्ये असते आणि ती मोजून काढता येते. तरीही जिथे बघावं तिथे ‘४.७ के लावा’ एवढंच लिहिलेलं सापडतं, नाहीतर ‘लावायची गरज नाही, लायब्ररी आतले पुल-अप चालू करते’. ही दुसरी सूचना वाचली की मला खरोखर वाईट वाटतं, कारण तिच्यामुळे किती नवशिक्यांनी ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून बोर्ड कपाटात टाकले असतील!

हिशोब बघा. एटीमेगा ३२८पी चा अंतर्गत पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. मधला ३५ धरू. बसची एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरू. हे काही फार नाही: प्रत्येक चिपच्या पिनेला १० पिकोफॅरडपर्यंत आणि साध्या केबलला दर मीटरला साधारण ५० ते १०० पिकोफॅरड. तार ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर चढायला लागणारा वेळ म्हणजे ०.८४७ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. उत्तर येतं जवळपास ३ मायक्रोसेकंद. आयटूसीच्या नियमाप्रमाणे १०० किलोहर्ट्‌झला हा वेळ जास्तीत जास्त १ मायक्रोसेकंद चालतो आणि ४०० किलोहर्ट्‌झला ०.३ मायक्रोसेकंद. म्हणजे आपण साध्या वेगालाच तिप्पट चुकलो. पण गंमत अशी की टेबलावर हे चालतं! दोन छोट्या जंपर वायर, दोन चिप, कपॅसिटन्स २०-३० पिकोफॅरड, आणि चढण कशीबशी वेळेत पूर्ण होते. मग तोच जोड डब्यात जातो, तार अर्ध्या मीटरची होते, शेजारून मोटरची तार जाते आणि तासातून एकदा चुकीचा आकडा येतो. तासातून एकदा येणारी चूक ही सगळ्यांत वाईट चूक, कारण तोवर प्रोग्रॅममध्ये दहा ठिकाणी ठिगळं लावून झालेली असतात आणि त्यातलं एखादं लागू पडल्यासारखं वाटतं.

मोठ्या रेझिस्टरकडून तोटा असा, तर लहानाकडून काय? नेहमीच्या आयटूसी चिपने तार ०.४ व्होल्टपर्यंत खाली आणताना ३ मिलिअँपिअर ओढावेत, एवढीच हमी असते. ५ व्होल्टवर ४.६ भागिले ३ मिलिअँपिअर, म्हणजे साधारण १.५ किलोओहम. ३.३ व्होल्टवर २.९ भागिले ३, म्हणजे ९७० ओहमच्या आसपास. याच्या खाली जायचं नाही. ‘मी एवढा लहान रेझिस्टर कशाला लावेन?’ असं वाटेल. तुम्ही लावत नाही, तो आपोआप लागतो. बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर पुल-अप आधीच बसवलेले असतात. ४.७ केचे पाच मॉड्यूल एका बसवर आले की ते समांतर जोडले जाऊन ९४० ओहम होतात. ५ व्होल्टवर हे जवळजवळ ५ मिलिअँपिअर. मग एखादी अशक्त चिप शून्य सांगताना तार नीट खाली आणू शकत नाही. पाचवा सेन्सर जोडला आणि पहिला बंद पडला, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

मधली किंमत काढून दाखवतो. कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड, वेग ४०० किलोहर्ट्‌झ. जास्तीत जास्त रेझिस्टर: ३०० नॅनोसेकंद भागिले (०.८४७ गुणिले २०० पिकोफॅरड), म्हणजे साधारण १७७० ओहम. ३.३ व्होल्टवर किमान ९७०. तर १.५ के घ्या, दोन्ही बाजूंना जागा राहते. तीच बस १०० किलोहर्ट्‌झवर चालवली तर मर्यादा ५.९ किलोओहमवर जाते आणि तुमचा ४.७ के तिथे अगदी योग्य ठरतो. म्हणजे ४.७ के चुकीचा नाही. तो १०० किलोहर्ट्‌झसाठी आहे, आणि आपण प्रोग्रॅमची एक ओळ बदलून ४०० केलेलं असतं. एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या वर जाऊ द्यायची नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑसिलोस्कोपचं टोक एससीएलवर लावा, शक्यतो बसच्या दूरच्या टोकाला. उतार सरळ कड्यासारखा दिसेल, कारण तिथे ट्रान्झिस्टर ओढतोय. चढण वाकलेली दिसेल, कारण तिथे एकटा रेझिस्टर कपॅसिटन्स भरतोय. ३.३ व्होल्टच्या बसवर ०.९९ व्होल्ट आणि २.३१ व्होल्ट अशा दोन रेघा ठेवा आणि मधला वेळ वाचा. वरचा सपाट भाग अजिबात दिसत नसेल, चढण संपायच्या आत पुढचा उतार येत असेल, तर प्रोग्रॅमला हात लावू नका. लॉजिक ॲनालायझर इथे फसवतो. तो प्रत्येक क्षणाचं शून्य किंवा एक असं रूप करून दाखवतो आणि वाकलेली चढण सरळ दिसते. साधनं नसतील तर मल्टिमीटरही पुष्कळ सांगतो. बस शांत असताना एसडीए (डेटाची तार) आणि एससीएल दोन्हींवर पुरवठ्याइतका व्होल्टेज हवा. मग वीज बंद करून एसडीए आणि पुरवठ्याची तार यांच्यातले ओहम मोजा. चिपमुळे आकडा थोडा हलतो, पण ९०० ओहम आहेत की ३० किलोओहम, हे लगेच कळतं.

ग्राउंडबद्दल एकच वाक्य: दोन बोर्डांचे पुरवठे वेगळे असले तरी ग्राउंड एकत्र जोडलंच पाहिजे, आणि तेही डेटाच्या तारांच्या सोबतीने.

५ आणि ३.३ व्होल्टचं लग्न लावताना आयटूसीचा नियम असा की पुरवठ्याच्या ७० टक्क्यांवर गेलं तरच ‘एक’ मानायचं. ५ व्होल्टवर हे होतात ३.५, म्हणजे ३.३ व्होल्टची तार नियमाने तिथे ‘एक’ ठरतच नाही. बीएसएस१३८ सारखा एक मॉस्फेट ट्रान्झिस्टर प्रत्येक तारेला लावला की काम होतं. मात्र दोन्ही बाजूंना आपापले पुल-अप हवेत. आणि एका बोर्डाची वीज बंद, दुसऱ्याची चालू, असं होणार असेल तर सावध राहा. बंद चिपच्या पिनेतल्या संरक्षक डायोडमधून तारा खाली ओढल्या जातात आणि बाकीच्यांचीही वाचा बंद होते.

आता अडकलेली बस. हा प्रकार नीट समजून घ्या, कारण त्याचं निदान हमखास चुकतं. मास्टर स्लेव्हकडून बाइट वाचतोय. स्लेव्हने तारेवर ‘शून्य’ ठेवलंय, म्हणजे एसडीए खाली धरलाय. नेमक्या त्याच क्षणी मास्टर रीसेट होतो: कुणी बटण दाबलं, नवा प्रोग्रॅम चढवला, मोटर सुरू होताना पुरवठा बसला, काहीही. मास्टर परत जागा होतो आणि एससीएल वर सोडून देतो. स्लेव्ह बिचारा पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए खाली धरूनच उभा. नवी सुरुवात करायला मास्टरला एसडीए वरून खाली आणावा लागतो, पण तो मुळात वर येतच नाही. कोंडी! मास्टर कितीही वेळा रीसेट करा, फरक पडत नाही. सगळ्याची वीज काढून परत दिली की चालतं, म्हणून लोक म्हणतात, ‘कधीकधी हँग होतो.’

उपाय आयटूसीच्या अधिकृत नियमपुस्तकातच आहे: नऊ क्लॉक द्या. प्रत्यक्षात असं करायचं. मास्टरच्या प्रोग्रॅममध्ये आयटूसीचं हार्डवेअर चालू करण्याआधी दोन्ही पिना साध्या इनपुट ठेवा आणि एसडीए वाचा. तो खाली असेल तर एससीएल ५ मायक्रोसेकंद खाली ओढा, ५ मायक्रोसेकंद सोडा आणि एसडीए परत वाचा. असं नऊ वेळांपर्यंत. नऊ का? स्लेव्हकडे जास्तीत जास्त आठ बिट उरलेले असतात. नववा क्लॉक ॲकचा, आणि तेव्हा मास्टरने एसडीए ओढला नाही म्हणजे नकार मिळाला, मग स्लेव्ह तार सोडतो. एसडीए वर आला की एक स्टॉप द्यायचा: एससीएल खाली असताना एसडीए खाली घ्या, एससीएल सोडा, मग एसडीए सोडा. त्यानंतरच हार्डवेअर चालू करा. या सगळ्यात पिनेवर ‘एक’ कधीही लिहायचं नाही; ओढायचं किंवा सोडायचं, एवढंच. समोर कुणी तार खाली धरलेली असताना आपण ती जोराने वर ढकलली तर दोन ट्रान्झिस्टरची सरळ झुंज लागते.

एससीएलच खाली अडकला असेल तर नऊ क्लॉकचा उपयोग नाही, कारण क्लॉक देणार कुठून? हे सहसा स्लेव्ह मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लटकल्यामुळे होतं. म्हणून स्लेव्हला वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम लटकला तर चिप रीसेट करणारा टायमर, हवाच, आणि जागा असेल तर मास्टरची एक मोकळी पिन स्लेव्हच्या रीसेटला जोडून ठेवा.

संयोजकांनी शेवटच्या दहा मिनिटांची खूण केलीय आणि कबूल केलेला भाग अजून बाकी आहे. पत्त्यांचं दोन वाक्यांत सांगतो. पत्ता सात बिटांचा. हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ०८ ते ७७ एवढेच मोकळे, म्हणजे ११२. काही डेटाशीट वाचण्या-लिहिण्याचा बिट धरून आठ बिटांचा पत्ता छापतात, त्यामुळे हेक्स ६८ आणि हेक्स डी० एकच असू शकतात. शिवाय ६८ वर डीएस३२३१ हे घड्याळही असतं आणि एमपीयू६०५० सुद्धा, तेव्हा आपल्या स्लेव्हला तो पत्ता देऊ नका.

आता निरोप. आयटूसीवर वाचताना किती बाइट हवेत ते मास्टर ठरवतो. स्लेव्हकडे चारच असले आणि मास्टरने आठ मागितले, तर उरलेल्या वेळी तार कुणीच ओढत नाही आणि मास्टरला २५५ वाचायला मिळतात. ‘माझं संपलं’ असं सांगायची सोय स्लेव्हकडे नाही. म्हणून उत्तराची लांबी कायम ठेवा आणि पहिल्या बाइटात खरी लांबी लिहा. अर्डुइनोच्या वायर या आयटूसीच्या लायब्ररीचा बफर एव्हीआरवर ३२ बाइटांचा आहे, तेव्हा चौकट त्याच्या आत बसवा. माझी शिफारस: लांबी, अनुक्रमांक, आज्ञा किंवा स्थिती, डेटा, शेवटी सीआरसी, म्हणजे बाइट बिघडलेत का हे तपासायचा आकडा. १०० किलोहर्ट्‌झला एका बाइटला नऊ क्लॉक, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. आठ बाइटांची चौकट पत्त्यासकट एका मिलिसेकंदाच्या आत जाते. एक बाइट वाचवायला सीआरसी गाळायचं काहीच कारण नाही.

अनुक्रमांक कशासाठी? स्लेव्हचा मुख्य प्रोग्रॅम लटकला आणि इंटरप्ट चालू राहिला, तर तो तेच जुनं उत्तर निष्ठेने देत राहतो. सीआरसी बरोबर, ॲक बरोबर, तापमान मात्र सकाळचं. स्लेव्हने नवीन माप घेतलं की आकडा एकाने वाढवावा आणि तो हलत नसेल तर मास्टरने स्लेव्ह मेलेला धरावा.

सीआरसी आठ बिटांचा, बहुपदी हेक्स ०७. नुसती बेरीज नको, कारण दोन बाइटांची अदलाबदल तिला कळत नाही. सुरुवातीची किंमत शून्य घेऊ नका, हेक्स एफएफ घ्या. कारण शून्यापासून सुरू केलेला सीआरसी सगळ्या शून्यांवर शून्यच येतो. स्लेव्ह नुकताच जागा झालाय, त्याचा बफर अजून रिकामा आहे, म्हणजे सगळी शून्यं, आणि मास्टर ते ‘वैध निरोप’ म्हणून स्वीकारतो. शून्य अंश तापमान समजून हीटर पूर्ण चालू!

डेटा भरताना स्ट्रक्चर जसंच्या तसं पाठवू नका. एक बाइट, एक फ्लोट, एक सोळा बिटी आकडा असं स्ट्रक्चर एव्हीआरवर ७ बाइटांचं होतं, ३२ बिटी एआरएमवर १२ बाइटांचं, कारण कंपायलर मधे रिकामी जागा सोडतो. ‘इंट’ इकडे दोन बाइट, तिकडे चार. आकडे ठरावीक रुंदीचे घ्या, खालचा बाइट आधी, वरचा नंतर, हाताने भरा. तापमान फ्लोटऐवजी शतांशांत पाठवा: २३.४५ म्हणजे २३४५.

आणि फाटका आकडा. ८ बिटी चिप सोळा बिटी आकडा दोन तुकड्यांत लिहिते. २५५ चा २५६ होत असताना मधेच इंटरप्टने तो उचलला, तर ० किंवा ५११ बाहेर जातो. म्हणून दोन बफर ठेवा. मुख्य प्रोग्रॅम मोकळा बफर सीआरसीसकट पूर्ण भरेल आणि मग ‘आता हा द्यायचा’ एवढा एका बाइटाचा क्रमांक बदलेल; तो क्रमांक व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचला जाणारा) हवा. इंटरप्टमध्ये फक्त तयार बफर द्यायचा. तिथे छपाई नाही, डिले नाही, सेन्सर वाचणंही नाही. उलट दिशेनेही तसंच: आलेली आज्ञा साठवा, खूण लावा, बाहेर या.

यूआर्टवर निरोप कुठे सुरू होतो हे बस सांगत नाही, कारण तिथे स्टार्ट-स्टॉप बाइटापुरते असतात. नुसता सुरुवातीचा खास बाइट ठेवला तर तोच बाइट डेटातही येऊ शकतो. कॉब्ज पद्धत वापरा: डेटातली शून्यं अशी बदलली जातात की शून्य फक्त निरोपाच्या शेवटीच येतं, आणि जास्तीचा खर्च २५४ बाइटांमागे जास्तीत जास्त एक बाइट. मधेच काही हरवलं तरी पुढच्या शून्यापासून गाडी रुळावर येते.

टाइमआउट विसरू नका. वायर लायब्ररीच्या एव्हीआर आवृत्तीत तो आहे, पण आपसूक चालू नसतो. २५ मिलिसेकंदांचा लावा, रीसेटचा पर्यायही चालू करा आणि पाठवण्याच्या फंक्शनचं उत्तर तपासा. २ म्हणजे पत्त्यालाच नकार, ३ म्हणजे डेटाला नकार, ५ म्हणजे टाइमआउट. पहिल्याला तार आणि वीज बघा, दुसऱ्याला स्लेव्हचा बफर, तिसऱ्याला पुल-अप आणि लटकलेला स्लेव्ह.

घरी गेल्यावर एवढी चाचणी करा. बस चालू असताना एसडीए ग्राउंडला टेकवा आणि सोडा. मग एससीएल. मग देवाणघेवाण चालू असताना मास्टर रीसेट करा, सलग पन्नास वेळा, वाटल्यास दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरकडून. मग फक्त स्लेव्हची वीज काढा आणि परत द्या. प्रत्येक वेळी मास्टरने एका सेकंदाच्या आत स्वतःहून सावरलं पाहिजे आणि मधल्या काळात एकही चुकीचा आकडा खरा म्हणून पुढे जाता कामा नये. जिथे अडेल, तिथली ओळ आणि तिथली तार घेऊन पुढच्या वेळी या. ऑसिलोस्कोप इथेच टेबलावर असेल.